मीरा-भाईंदरची उपाहारगृहे

व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमचा विषय वाचून एका स्नेह्यांनी विचारले, की ज्या व्यासपीठावरून वेदान्त आणि अर्थशास्त्र बोलले जाते, तेथे हॉटेलांची चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास 1875 साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांनाच पुढे एका चहाच्या पेल्याने किती त्रास दिला, हे आपण विसरतो. 1890 च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी व्याख्यानास गेली. तेथे चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. पण ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि रानडे व टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावे लागले. पुढे कोल्हापुरास गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा शाहू महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. चहाचा पेला हे त्या काळी समाजसुधारणेचे शस्त्र होते. भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि विहिरी यांच्या जोडीला सार्वजनिक उपाहारगृहांचा नावानिशी उल्लेख आहे, तो उगाच नाही. घरच्या पंगतीत कोणास बसवावे हे यजमान ठरवतो; हॉटेलच्या टेबलाशी शेजारी कोण येऊन बसेल हे कोणीच ठरवीत नाही. मीरा-भाईंदरसारख्या नव्या शहराकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो.

नवे म्हणण्याचे कारण असे. घोडबंदरचा किल्ला, उत्तनचे कोळीवाडे, भाईंदरची मिठागरे ही सारी जुनीच. परंतु ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपालिका झाली ती 1985 साली आणि महानगरपालिका 2002 साली. 1991 च्या शिरगणतीत येथे पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे होती. 2011 मध्ये ती आठ लाखांवर गेली. म्हणजे वीस वर्षांत साडेचारपटीहून अधिक. ही माणसे राजस्थानातून, गुजरातेतून, उत्तरेतून, कर्नाटकातून आणि मुख्यतः मुंबईच्या चाळींतून जागा शोधीत आली. येताना प्रत्येकाने आपली जीभ बरोबर आणली.

गंमत अशी, की गावात हॉटेल नव्हते तेव्हाही लोकांच्या जेवणाला या गावाचा हातभार होता. मीठ येथले, सुकी मासळी येथली. पुढे भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे लहान लहान कारखाने उभे राहिले. आपण दूर कोठे उडप्याकडे बसून वाटीतले सांबार पितो, ती वाटी भाईंदरच्या एखाद्या गाळ्यात ठोकून-घासून निघालेली असण्याचा पुष्कळ संभव असतो. ताट दुसऱ्याला देणाऱ्या गावाने स्वतः बाहेर जेवायला उशिराच सुरुवात केली.

ती सुरुवात स्थानकाजवळच्या उडप्यांपासून होते. उडुपीच्या कृष्णमठाच्या परिसरातील स्वयंपाकी मंडळींनी ही विद्या देशभर नेली. माटुंग्यास 1942 साली ए. रामा नायक यांनी काढलेले बोर्डिंग हे मुंबईतील त्यातले नामांकित घर. पुढे मंगळूरकडील शेट्टी मंडळींनी हा व्यवसाय उपनगरांत फैलावला. याचे गमक चवीइतकेच हिशेबात आहे. इडली-डोशाचे पीठ रात्री आंबवून ठेवले, की सकाळी गिऱ्हाइकाला पाच मिनिटांत बशी देता येते. गिऱ्हाईक दहा मिनिटांत उठते. एका खुर्चीवर दिवसभरात पुष्कळ माणसे जेवून जातात. म्हणून लहान जागेचे भाडे परवडते. ‘जागा रिकामी आहे का?’ एवढे विचारून परका माणूस समोर बसतो. आमच्या आजोबांच्या पिढीला हे जमले नसते. आपण मात्र त्याच्यापुढची चटणीची वाटी अलगद आपल्याकडे ओढतो.

भाईंदर पश्चिमेस मारवाडी व गुजराती जैनांची मोठी वस्ती आहे आणि तेथील उपाहारगृहांची घडी त्यांच्या आचारावर बसलेली आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा ज्यांचा नेम, त्यांची गर्दी इतर ठिकाणी दिवे लागण्याच्या आतच होऊन जाते. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य. म्हणून पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्चे केळे येते. ‘जैन’ हा शब्द येथे पाककृतीचे विशेषणच झाला आहे: जैन पिझ्झा, जैन शेजवान. एरवी मोठ्या हॉटेलांतील भटारखान्याची युक्ती सांगावयाची तर सकाळीच दोन-तीन प्रकारचे रस्से मोठ्या पातेल्यांत तयार होतात. टोमॅटो-कांद्याचा तांबडा, काजू-मगजबीचा पांढरा, हळदीचा पिवळा. रात्री त्यांतूनच पनीरच्या वीस नावांच्या भाज्या निघतात. जैन गिऱ्हाइकापुढे ही युक्ती चालत नाही, कारण कांदा पातेल्यातच पडलेला असतो. त्याच्यासाठी वेगळे पातेले चढवावे लागते, आणि प्रामाणिक हॉटेलवाला कोणता हे तेथेच कळते.

रूळ ओलांडून मीरा रोडच्या नया नगरात आले, की घड्याळच उलटे फिरते. मुसलमान वस्तीचा हा भाग रमजानच्या रात्री जागा असतो. कबाबाच्या शेगड्या, बैदा रोटी, मालपुवा, मातीच्या थाळीत थिजवलेली फिरनी. निहारी हा पदार्थ रात्रभर मंद आचेवर शिजतो आणि सकाळी खायचा असतो. अंगमेहनतीच्या माणसाची ती न्याहारी. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, अरबी ‘नहार’, म्हणजे दिवस. नावाचे नाते जवळचे, वाडग्यातले मात्र पोह्यांच्या बशीपासून फार दूर.

या दोन वस्त्यांमध्ये रेल्वेचे एक स्थानक आहे. 2015 साली पर्युषणाच्या काळात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचे महानगरपालिकेने ठरवले आणि हे अंतर एकाएकी फार मोठे झाले. मुंबईतील तशाच बंदीचा वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हा मासे का वगळले याचे सरकारने दिलेले उत्तर, की ते पाण्याबाहेर काढताच मरतात, ऐकून लोक हसले. पण प्रश्न हसण्याचा नव्हता. आमचे मत स्पष्ट आहे. आपल्या ताटात काय नसावे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, शेजाऱ्याच्या ताटाचा नाही. जैनाने मागितलेले वेगळे पातेले त्याला मिळालेच पाहिजे, आणि ते मागताना त्याने शेजारच्या शेगडीवर पाणी ओतता कामा नये.

भाषेचेही तसेच. 2025 च्या जूनअखेर मीरा रोडला खाद्यपदार्थांच्या एका दुकानदारास मराठीच्या मुद्द्यावरून मारहाण झाली. जुलैत आधी व्यापाऱ्यांचा आणि मग मराठी मंडळींचा मोर्चा निघाला. मराठीचा आग्रह आम्हांलाही आहे, आणि वर्षानुवर्षे येथे गल्ला मोजून ज्याला ‘काय देऊ?’ एवढे दोन शब्द शिकावेसे वाटत नाहीत त्याचे कौतुक आम्ही करणार नाही. पण थप्पड मारून शिकवलेली भाषा माणूस प्रेमाने बोलत नाही. 2022 च्या कायदेदुरुस्तीने लहान दुकानांवरही मराठी पाटी आली. आत मात्र पदार्थांचा तक्ता पुष्कळ ठिकाणी इंग्रजीच राहिला, आणि तो मराठीत मागणारे गिऱ्हाईक आम्हांला क्वचितच भेटते. आपण स्वतःच ‘भैया, पानी देना’ म्हणून बसतो.

आता काशिमिऱ्याकडे वळले पाहिजे, सभ्य माणसे तो उल्लेख टाळतात तरी. तेथे द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रस्ता मिळतात. मालमोटारींचा राबता, म्हणून ढाबे आणि बार. ‘परमिट रूम’ हे नाव 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याची आठवण आहे. पिणाऱ्याजवळ वैयक्तिक परवाना हवा ही अट कागदावर अजूनही आहे. पंचवीस वर्षांखालील माणसास कडक मद्य आणि एकवीसखालील माणसास बिअर देता येत नाही. नृत्याच्या बारांवर शासनाने 2005 साली बंदी घातली, उच्च न्यायालयाने ती 2006 मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली तोच निर्णय कायम केला. 2016 मध्ये नवा कायदा आला आणि त्यातील काही अटी 2019 च्या जानेवारीत शिथिल झाल्या. या चौदा वर्षांत नीतीविषयी भाषणे पुष्कळ झाली. त्या बायकांनी त्या काळात पोट कसे भरले, हा प्रश्न मात्र व्याख्यानांत फारसा आला नाही. टेबल पुसणाऱ्या पोऱ्याचेही असेच. चौदा वर्षांखालील मुलास हॉटेलात कामाला ठेवण्यास 2006 च्या ऑक्टोबरपासून बंदी आहे. आपल्यापुढे पाण्याचा पेला ठेवणारा हात कोणाचा आहे, हे मान वर करून पाहावयास खर्च काहीच येत नाही.

शेवटी उत्तन. भाईंदर पश्चिमेहून बस धरावी आणि डोंगरी, पालीकडे उतरावे. येथले ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबे यांचे खरे अन्न हॉटेलात मिळणे कठीण. ते घरात शिजते. उन्हाळ्यात अनेक जिन्नस भाजून-कांडून केलेला मसाला बाटल्यांत दाबून भरतात, म्हणून त्याचे नावच बाटली मसाला. सणाला ताडीने फुगवलेल्या पिठाचे फुगे तळतात. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वाळत असतात. नाकाला रुमाल लावून पाहुणे भरभर पुढे जातात, आणि संध्याकाळी हॉटेलात बसून तेच बोंबील कुरकुरीत तळून मागवतात.

ही व्याख्यानमाला वसंतात असते, हे एका परीने बरे. तेव्हा मांडव भरलेले असतात. जूनच्या आरंभी मासेमारी थांबते, होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात, आणि मग पावसाळाभर त्या सुक्या बोंबलांवरच पुष्कळ घरांची कालवणे होतात. ज्यांना जावयाचे असेल त्यांनी त्याआधी, सकाळच्या बसने जावे. दुपारी वाळूत उभे राहवत नाही.