एसटीचा पास आणि मांडीतलं बळ

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना निम्मं तिकीट पडतं. या सवलतीवर बोलणं निघालं की ते महामंडळाच्या तोट्यापाशी येऊन थांबतं. त्या जमाखर्चात म्हाताऱ्या पायांना मिळणारी हालचाल कुठेच धरली जात नाही, आणि ती धरायला हवी.

बसने जाणारा माणूस चालतोच. घरून थांब्यापर्यंत, उतरल्यावर बाजारापर्यंत, आणि परतीला पुन्हा तेवढंच. इंग्लंडमध्ये ज्येष्ठांना २००६ पासून स्थानिक बसचा मोफत पास मिळू लागला. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००५ ते २००८ या काळातल्या प्रवासाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पास असलेले ज्येष्ठ जास्त चालताना आढळले, आणि हे गरीब व सुखवस्तू अशा दोन्ही घरांत दिसलं. मुळात धडधाकट असलेलेच पास काढत असतील, ही शंका रास्त आहे. तरीही थांब्यापर्यंतची पायपीट खरीच असते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. व्यायामशाळेचं तोंडही न पाहिलेल्या आजींची त्यातली बरीच मिनिटं बँक, दवाखाना आणि आठवडी बाजार करताना भरतात.

आता त्या गाडीत कशा चढतात ते पाहा. आधी पिशवी आत सरकवतात, दांडा घट्ट धरतात, बरा असलेला पाय पायरीवर ठेवतात आणि अंगाचा सगळा भार त्या एका पायावर उचलतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंना एरवी दिवसभरात इतकं जड काम क्वचितच पडतं. वय वाढतं तसे स्नायूंतले झटकन आकसणारे तंतू आधी आणि जास्त झिजतात. तोल गेल्यावर चपळाईने पाऊल टाकून सावरायचं काम याच तंतूंचं. म्हणून गाडीला हिसका बसला की तरुण सावरतो आणि आजोबा कोसळतात. खालच्या तळाच्या शहरी बसचा तळ जमिनीपासून सुमारे ४०० मिलिमीटरवर असतो. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाड्यांत तो याच्या दुपटीहून उंच. ही पायरीच जमेनाशी झाली की पास खिशातच राहतो.

आणि त्याआधी रस्ता ओलांडायचा असतो! सिग्नलचा हिरवा माणूस किती वेळ दाखवायचा, हे ठरवताना चालण्याचा वेग अनेक ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर धरतात. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांपुढच्यांची चाल मोजली, तर सरासरी पुरुषांची ०.९ आणि स्त्रियांची ०.८ मीटर भरली. म्हणजे १२ मीटरचा रस्ता सिग्नलच्या हिशेबाने १० सेकंदांचा, आजींच्या चालीने १५ सेकंदांचा. सिंगापूरने २००९ मध्ये यावर सोपा उपाय काढला: ज्येष्ठांनी खांबावरच्या यंत्राला आपलं कार्ड लावलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो.

आपल्या महापालिकांनाही हे अवघड नाही. सलग पदपथ, थांब्यावर बसायला बाक, खालच्या तळाच्या गाड्या आणि सिग्नलला चार-पाच सेकंद वाढवून द्या. आणि कंडक्टरदादा, आजी नीट बसल्याशिवाय डबल बेल देऊ नका.