मोबाइल चेहरा कसा ओळखतो?

१ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतला घरपोच आहार घेताना चेहरा दाखवणं सक्तीचं झालं. सेविकाताई पोषण ट्रॅकर उघडतात आणि मोबाइल समोर धरतात. उमरेडकडच्या एका गावात आम्ही गेलो, तेव्हा एका बाळंतिणीचा चेहरा तीनदा जुळला नाही. मी मीच नाही का वो, असं तिनं आम्हाला विचारलं. आजचं बोलणं तिच्यासाठी.

टेलर ब्लाउजचं माप वहीत लिहितो ना, खांदा, छाती, बाही? मशीनही तसेच चेहऱ्याचे आकडे काढते. मात्र ते नाकाची लांबी, कपाळाची रुंदी असे सरळ नसतात. एकाच माणसाच्या दोन फोटोंचे आकडे जवळ यावेत, वेगळ्या माणसांचे दूर जावेत, असं लाखो फोटोंवर तिला शिकवलेलं असतं. गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली मांडलेल्या फेसनेट पद्धतीत एका चेहऱ्याचे १२८ आकडे होतात. आपण तीनच घेऊ.

जुन्या फोटोचे आकडे ४, ७, २. आजचे ५, ५, ४. फरक १, २, २. प्रत्येक फरकाला त्यानंच गुणायचं, म्हणजे कमी-जास्त एकमेकांत फिटून जात नाही. १, ४, ४ झाले, बेरीज ९. आता कोणत्या आकड्याला त्यानंच गुणलं की ९ येतात? ३. हे झालं दोन फोटोंमधलं अंतर. शेजारणीचे आकडे ८, ३, ९ असतील, तर तुमच्या जुन्या फोटोपासून तिचं अंतर ९ निघेल. वहीत करून पाहा.

आता खरी गोम. किती अंतरापर्यंत 'तीच बाई' म्हणायचं? ही हद्द माणसंच ठरवतात. हद्द ४ ठेवली तर तुम्ही पास, शेजारीण नापास. २ ठेवली तर तुम्हीही नापास. १० ठेवली तर शेजारीणही तुमच्या नावावर आहार नेईल. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी हद्द सहसा सापडत नाही.

बाळंतपणात चेहरा सुजतो, उतरतो. आधारचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा असतो. खोलीत अंधार असतो. प्रत्येक वेळी अंतर वाढतं. म्हणून कॅमेऱ्याची काच पुसा, उजेड तोंडावर घ्या, पाठीमागे नको. फोटो फार जुना असेल तर आधार केंद्रात बदलून घ्या.

एवढं करूनही जुळलं नाही, तर तशी नोंद करायला ताईंना सांगा आणि पर्यवेक्षिकेकडे लेखी अर्ज द्या. गरोदर व स्तनदा मातांचा आहार हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे. त्या कायद्यात चेहऱ्याच्या अंतराची अट नाही.