पिल्लाचे पहिले तीन महिने

पोळ्याचे ढोल, गणपतीची मिरवणूक, दिवाळीचे फटाके. जळगावातल्या कुत्र्याला हे दरवर्षी सोसावंच लागतं. काही कुत्री निवांत पडून राहतात, काही पलंगाखाली थरथरतात. हा फरक बराचसा पहिल्या तीन महिन्यांत ठरतो.

फ्रीडमन, किंग आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी पिल्लांना माणसांपासून दूर, कुंपणाआड वाढवलं आणि वेगवेगळ्या वयात माणसांत आणलं. १९६१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता: सातव्या आठवड्यात आणलेली पिल्लं लवकर माणसाळली, चौदाव्यापर्यंत माणसांपासून दूर राहिलेली कायमची बुजरी झाली.

मग लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू घरात कोंडायचं? अजिबात नाही. पार्व्हो या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराची धास्ती खरी आहे, म्हणून जमिनीवर सोडू नका, कडेवर घ्या. मेहरूण तलावाकाठी न्या, केळीचे ट्रक लांबून दाखवा. हॉर्न वाजला की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या; उशीर झाला तर आवाज आणि खाऊ यांचा संबंध त्याला लागत नाही. पिल्लाने अंग चोरलं, शेपटी पोटाखाली घेतली, तर आणखी लांब जा. ओढत नेऊन भीती मोडत नाही, वाढते. खाऊ म्हणून मनुका मात्र कधीच नको, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

पुढे चालायला नेताना आपलं ऊन विसरू नका. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. डांबरावर तळहात पाच सेकंद टेकवत नसेल, तर पंजेही पोळतात. फिरणं पहाटेच उरका. आणि पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्याच.