बॉक्स गेला, रेकॉर्डिंगही गेलं

आईच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम टीव्हीवर लागला, तेव्हा आम्ही तो सेट-टॉप बॉक्समध्ये रेकॉर्ड करून ठेवला. चार वर्षांनी ऐन पावसाळ्यात बॉक्स बंद पडला. त्यातली हार्ड डिस्क काढून मी संगणकाला जोडली. डिस्क फिरत होती, भरलेली होती, पण एकही चित्र निघालं नाही. आई काही बोलली नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

डिजिटल वाहिनी म्हणजे १८८ बाइटच्या पाकिटांची अखंड रांग. प्रत्येक पाकिटाच्या तोंडाशी एक ठरलेला खुणेचा बाइट असतो, त्यावरून पाकीट कुठे सुरू झालं ते कळतं. बॉक्स ही पाकिटं साधारणपणे आहेत तशीच डिस्कवर उतरवतो, म्हणून रेकॉर्डिंग मूळ प्रक्षेपणाइतकंच स्वच्छ दिसतं. सेकंदाला ४० लाख बिट या वेगाने आलेल्या एका तासाला १.८ गिगाबाइट जागा लागते. डिस्क लिहिता लिहिता वाचतेही. म्हणून दाराची बेल वाजली की चालू सामना थांबवता येतो. १९९९ मध्ये अमेरिकेत टिवो आणि रिप्लेटीव्ही ही यंत्रं हीच सोय घेऊन बाजारात आली.

मात्र पुष्कळ बॉक्स ही पाकिटं कुलूपबंद करूनच ठेवतात, आणि किल्ली त्याच बॉक्समधल्या चिपमध्ये असते. आमची किल्ली बॉक्सबरोबरच गेली. कॅसेटचं तसं नव्हतं. आपली कॅसेट शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवरही चालायची. फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स यांनी कित्येक दशकं, २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, बातम्यांच्या वाहिन्या रात्रंदिवस टेप केल्या. सुमारे ७० हजार कॅसेटी! आज तो साठा इंटरनेट आर्काइव्हकडे आहे. एका बाईने घरात बसून केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं. कुलूपबंद डिस्कवर ते उरलं नसतं.

घरी जपायचं असेल तर बॉक्स धडधाकट असतानाच प्रत काढावी. मागच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या एव्ही केबलमधून चित्र बाहेर येतं तेव्हा ते कुलूप उघडूनच येतं. ही केबल संगणकाच्या कॅप्चर यंत्राला जोडायची. तासाभराच्या कार्यक्रमाला तासच लागतो आणि चित्र थोडं मऊ पडतं, पण ती फाइल कुठल्याही संगणकावर उघडते.

गेल्या नवरात्रात मंडळाचा कार्यक्रम पुन्हा लागला. त्याच रात्री मी तो उतरवला. एक प्रत घरी ठेवली, दुसरी बहिणीबरोबर साताऱ्याला पाठवली.