परकी कीड आणि परसातली पपई

पपईवरील पिठ्या ढेकूण ही मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील कीड. भारतात ती २००८ मध्ये कोइमतूरला प्रथम आढळली आणि दोनेक वर्षांत महाराष्ट्रापर्यंत पोहोचली. तुती, जास्वंद, कापूस यांवरही ती जगते. पाना-फळांवर कापसासारखा पांढरा थर, चिकट स्राव आणि त्यावर धरणारी काळी बुरशी, ही तिची ओळख. मेणचट आवरणामुळे फवारा तिच्या अंगाला नीट लागत नाही. मरतात ते मित्रकीटक. खरा उपाय कीटकातूनच निघाला. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून बंगळुरूला आणलेल्या अ‍ॅसेरोफॅगस पपाये या इवल्याशा परजीवी गांधीलमाशीने ही कीड आटोक्यात आणली. हे यश मोठेच.

उज्जैनच्या फ्रीगंजसारख्या वस्तीत अशी कीड येण्याची सोपी वाट म्हणजे विकतची रोपे. म्हणून रोप घेताना पाने उलटून पाहावीत, नवे रोप काही दिवस वेगळे ठेवावे, गल्लीतल्या पपई-जास्वंदीची नोंद ठेवावी. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर अधिक बारकाईने पाहावे, कारण मुंग्या गोड स्रावासाठी या किडीची राखणच करतात. लागण झालेली फांदी रस्त्यावर टाकू नये. पिशवीत बांधून नष्ट करावी आणि कृषी विज्ञान केंद्राला लगेच कळवावे.