जुन्या मोटारींतील पेट्रोलच्या नळ्या

जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींचा ज्यांस छंद आहे अशा गृहस्थांकडे गेलें म्हणजे ते प्रथम गाडीचा रंग दाखवितात, मग चकचकीत बंपर, मग कातडी बैठका. बॉनेटखालची वीतभर रबरी नळी आपण होऊन दाखविणारा मालक आम्हांस अद्यापि भेटावयाचा आहे. आणि सगळ्या गाडीची राख करण्याचें सामर्थ्य असतें तें याच नळींत.

इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९६२ ते १९८० पर्यंत तयार झालेली एम्. जी. बी. हीच गाडी घ्या. पांच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या व हौशी लोक त्यांतील पुष्कळ अजून चालवितात. हिच्या इंजिनांत ज्या अंगानें पेट्रोल व हवा शिरते, त्याच अंगानें जळलेला धूर बाहेर पडतो. त्यामुळें कार्ब्युरेटर धुराच्या तापलेल्या नळाच्या डोक्यावरच बसलेले असतात. मध्यें पत्र्याचा आडपडदा, एवढेंच. वरची नळी पाझरूं लागली तर थेंब कोठें पडेल, हें सांगावयास नको.

उष्णतेनें रबर ताठरतें व भेगाळतें, हें जुनेंच दुखणें. अलीकडे त्यांत इथेनॉलची भर पडली आहे. ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ पासून नेहमींच्या पेट्रोलांत तें शेंकडा दहापर्यंत असतें. आपल्याकडे २०२५ मध्यें हें प्रमाण विसांवर पोंचलें. जुन्या प्रतीचें रबर यानें फुगतें, मऊ पडतें व आंतून झडूं लागतें. बाहेरून नळी नवी दिसते, आणि फिल्टरांत काळी भुकटी सांपडली म्हणजे उलगडा होतो. कापडी वेष्टनाच्या नळीच्या भेगा तर दिसतच नाहींत. तिचें वय ठाऊक नसेल तर ती बदललेली बरी.

परीक्षा इंजिन थंड असतांना करावी. नळी टोकांपाशीं वाकवून पाहावी. भेग दिसली, बोटास चिकटली किंवा वास आला, तर ती गेली असें समजावें. या गाडीचा विजेचा पंपही साक्ष देतो. इंजिन सुरू न करतां नुसती किल्ली फिरविली कीं तो टिकटिक करतो व थोड्या वेळानें थांबतो. टाकींत पेट्रोल असूनही थांबला नाहीं, तर किल्ली बंद करून गळती शोधावी.

काम मोकळ्या हवेंत, बॅटरीची तार सोडून, आग विझविण्याचें नळकांडें जवळ ठेवून करावें. मुलांस त्या बाजूस फिरकूं देऊं नये. इंजिनाजवळच्या नळ्या बदलून मागच्या पंपाजवळच्या तशाच ठेवणें ही नेहमींची चूक. नव्या नळीवर ‘एस्. ए. ई. जे ३० आर ९’ असा छाप पाहावा. हिच्या आंतील अस्तर इथेनॉलास दाद देत नाहीं. मात्र नळी खात्रीच्या दुकानांतूनच घ्यावी. आम्हीं एकदां स्वस्ताईच्या मोहानें घेतलेली नळी दुसऱ्याच हिंवाळ्यांत तडकली. मापही जपावें: पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, तेथें आठ मिलिमीटरची नळी कितीही आवळली तरी पाझरणारच. भोंकांच्या पट्टीची पकड रबर कापते, म्हणून गुळगुळीत कडांची घ्यावी.

शेवटीं तार जोडून किल्ली फिरवावी, प्रत्येक सांध्यावरून कोरडें फडकें फिरवावें, आणि टिकटिक थांबली व फडकें कोरडें राहिलें, मगच इंजिन सुरू करावें.