भरलेली पद्मिनी घेऊन नार्वेला जाताना

गोकुळाष्टमीला गोव्यातल्या नार्वेत पंचगंगेचे स्नान करायचे आणि सप्तकोटेश्वराचे दर्शन घ्यायचे, हा नेम अनेक घरांत चालत आलेला आहे. दिवाडी बेटावरचे मूळ देऊळ पोर्तुगीज काळात पाडले गेले. देव नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. अशा देवाला घरातली जुनी पद्मिनी मोटार काढून, सगळे कुटुंब सोबत घेऊन जावेसे आपल्याला वाटले, तर ते अगदी स्वाभाविक आहे. गाडी तेवढी समजून घेऊन निघावे.

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. रिकामी गाडी साधारण ९०० किलोंची. पुढे सलग बाक आणि हँडलला गिअर, त्यामुळे पुढे तिघे सहज मावतात. जागा दिसते म्हणून माणसे बसतात, आणि बहुतेक त्रासाची सुरुवात इथेच होते.

पहिले काम वजनाचे. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे सामान भरा, माणसे बसवा आणि गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. दोन आकड्यांच्या वजाबाकीत मागच्या चाकांवरचा भार कळतो. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेपेक्षा आकडा जास्त आला, तर सामान कमी करायचे. एखादा माणूस एसटीने पाठवायचा. आरसी पुस्तकात लिहिलेल्या आसनसंख्येपेक्षा जास्त माणसे बसवणे कायद्यातही बसत नाही.

आता सामान कुठे ठेवायचे ते पाहू. डिकी मागच्या आसाच्या, म्हणजे दोन्ही मागची चाके जोडणाऱ्या दांड्याच्या, मागे असते. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २.३४ मीटर अंतर आहे. आसापासून १ मीटर मागे ६० किलो ठेवले, तर मागच्या चाकांवर ६० नव्हे, सुमारे ८५ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे २५ किलो उतरतात. मग स्टिअरिंग हलके लागते, पुढची पकड कमी होते आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून जड वस्तू मागच्या सीटच्या पाठीला अगदी चिकटवून किंवा पायांशी ठेवा. टपावरच्या कॅरिअरवर फक्त अंथरूण-पांघरूण. पाण्याचे कॅन आणि तांदळाचे पोते टपावर नको, कारण वरचे वजन वळणावर गाडीला बाहेर ओढते.

सीएनजी किट बसवलेले असेल, तर डिकीतला लोखंडी सिलिंडर एकटाच जवळजवळ एका माणसाच्या वजनाचा असतो. तो हिशेबात धरा. त्याची दर ३ वर्षांनी होणारी दाबचाचणी झाली आहे का, तेही पाहा.

घरच्या घरी केलेला सर्वांत आवडता बदल म्हणजे मागच्या पाट्यांना भर घालणे. पाटे म्हणजे मागच्या आसावर बसवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी. एक पाटा जादा घातला की गाडीची मागची बाजू उचललेली दिसते आणि आता कितीही भरा असे वाटू लागते. पण पाट्याने फक्त झुकणे कमी केले. आस, बेअरिंग, टायर आणि ब्रेक होते तेवढेच राहिले. बसलेली गाडी निदान भार जास्त झाल्याचे सांगते. भर घातलेली तेही सांगत नाही. कमजोर झालेले पाटे बदलून कारखान्याच्या मापाचे घालणे, एवढेच मला योग्य वाटते.

टायरवर नक्षी चांगली दिसते म्हणून भुलू नका. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. फारशा न चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण रबर कडक होऊन तडकते. भरलेल्या गाडीत, ओल्या रस्त्यावर असा टायर नको. स्टेपनीही तपासा.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, मऊ पडतात आणि झिरपू लागतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घ्या. खर्च किरकोळ आहे आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकण्याचा धोका टळतो.

पावसाळ्यात जादा दिवे लावण्याचा मोह होतो. ५५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर ९ अँपिअरच्या पुढे वीज ओढतात. जुन्या स्विचमधून आणि बारीक वायरमधून ती गेली, तर डॅशबोर्डमागे जळका वास येतो. रिले आणि स्वतंत्र फ्यूज घालूनच दिवे जोडा.

मग निघायचे. पुण्याहून कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग आणि डिचोली, असा चारशे किलोमीटरांहून अधिक रस्ता आहे. कोल्हापूरपर्यंत सरळ महामार्ग. तिथे चूक होते ती वेगाची. बाकीच्या गाड्या शंभराने जातात म्हणून आपण जाऊ नये. साठ-पासष्टला इंजिन शांत राहते.

चढावर गाडी गरम होते. पंखा आणि पाण्याचा पंप इंजिनच्या फेऱ्यांवर चालतात; वरच्या गिअरमध्ये रेटत गेलो, तर फेरे कमी, वारा कमी आणि उष्णता जास्त. वेळीच खालचा गिअर घ्या. तापमानाचा काटा चढू लागला, तर बाजूला थांबा आणि इंजिन थोडा वेळ सावकाश चालू ठेवा. वाफ दिसू लागली, तर मात्र लगेच बंद करा. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नका, आतले दाबाखालचे पाणी तोंडावर येते.

कधी गाडी थांबते आणि परत सुरूच होत नाही, कारण इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातल्या पेट्रोलची वाफ झालेली असते. याला मेकॅनिक व्हेपर लॉक म्हणतात. त्या पंपाला ओले फडके गुंडाळा आणि वीस मिनिटे धीर धरा. सेल्फ मारत राहिलात, तर बॅटरीही जाईल.

आंबोलीचा उतार हा या प्रवासातला सर्वांत गंभीर भाग. इथे रस्ता जवळपास ६०० मीटर खाली उतरतो. १३०० किलोंची गाडी एवढी खाली आणताना जी ऊर्जा सुटते, ती ३० अंशांचे २६ लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल. ती सगळी ब्रेकवर टाकली, तर ड्रमला ती पेलवत नाही.

म्हणून घाट चढायला जो गिअर लागला असता, तोच उतरताना ठेवा, बहुधा दुसरा. गाडी इंजिनवर धरलेली राहील. ब्रेक ठामपणे दाबा, वेग कमी झाला की पूर्ण सोडा. पाय सतत हलका टेकवून ठेवण्याची सवय बऱ्याच चांगल्या चालकांनाही असते, आणि तिनेच लायनर जळतात.

बिघाड कोणता, ते पॅडलच सांगते. पॅडल कडक लागते पण गाडी थांबत नाही, म्हणजे लायनर तापून त्यांची पकड गेली. पॅडल मऊ होऊन खाली जाते, म्हणजे ब्रेक ऑइल उकळून नळ्यांत वाफ झाली असावी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि मग कमी तापमानाला उकळते. दर दोन वर्षांनी ते बदलायलाच हवे. बहुतेक जुन्या गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर असतात, त्यामुळे एक गळती सर्वांना पुरते. पॅडल कडक लागो वा मऊ, गिअर खाली घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि डोंगराच्या बाजूला थांबा.

थांबल्यावर तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक आवळून ठेवू नका. ड्रम थंड होताना आकसतो आणि लायनर चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. पुढे दोडामार्गाकडे साचलेल्या पाण्यातून गेलात, तर नंतर थोडा वेळ चालता चालता ब्रेक हलके दाबा म्हणजे ओले लायनर वाळतील.

नार्वेहून दिवाडीला फेरीबोट जाते. मूळ देवळाची जागा पाहायची असेल, तर माणसांना आधी उतरवा आणि मग गाडी बोटीवर चढवा. मागून बसलेल्या गाडीचा सायलेन्सर उतरंडीच्या टोकाला घासतो आणि तिथेच तुटतो.

कागदपत्रांचे थोडक्यात. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवावी लागते. ती मुदत पाहून घ्या. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला नसावा लागतो, आणि त्या नोंदणीवर रोजच्या वापरासाठी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. सीएनजी किटसारखा बदल आरटीओच्या मंजुरीने आरसीवर नोंदलेला असावा.

परतताना तोच घाट चढायचा आहे आणि गाडीत नारळांची भर पडलेली असते. भरलेली टाकी म्हणजे आणखी सुमारे २८ किलो. सावंतवाडीत आजऱ्यापर्यंत पुरेल एवढेच पेट्रोल घ्या, थोडे हाताशी राहील असे, आणि टाकी पूर्ण भरायची ती घाट चढून गेल्यावर.